निळ्या काठाची पिशवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या सहा माणसांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे मी तरी असं म्हणते आहे. खरं कारण हेच आहे का, याचाही मला संशय आहे.

संशय माझ्या स्वभावातच आहे, ते आधी सांगून टाकते. सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. कुणाच्या वहीत कुणाचं उत्तर उतरलंय, हे मला दोन ओळींत कळायचं. निवृत्त झाले, वर्ग सुटला, पण ती नजर काही सुटली नाही. दूधवाल्याचं दूध मी अजून ग्लासात ओतून उजेडाकडे धरते. सोसायटीची पाण्याची टाकी धुतली म्हणून सांगितलं, तर गच्चीवर जाऊन बघून येते. घरात मला फौजदार म्हणतात. खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं.

म्हणूनच नवीन पनवेलला आमचा रविवारचा बाजार सुरू झाला, तेव्हा तपासणीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बागेच्या कडेला पंधरा-वीस टेबलं. जवळपासच्या गावांतल्या भाज्या, हातसडीचे तांदूळ, करंज्याहून येणारी सुकी मासळी, बायकांनी शिवलेल्या कापडी पिशव्या. जे विकायचं ते स्वतः पिकवलेलं किंवा स्वतः केलेलं हवं, हा मुख्य नियम. दुसरा नियम, नवीन पिशवी कुणी द्यायची नाही. त्यासाठी फाटकाशी एक मोठी टोपली ठेवली होती. घरातल्या जुन्या पिशव्या, गोण्या आणून त्यात टाकायच्या आणि ज्याला लागेल त्यानं न्यायच्या. ही टोपलीची कल्पना माझी. बाजाराच्या सातजणांच्या समितीत मी त्याबद्दल बरंच कौतुक करून घेतलं होतं.

नव्या विक्रेत्याला पहिले प्रश्न मी विचारायची. कुठली जमीन? बी कुठून आणलं? फवारता काय? माणूस उत्तर द्यायला जरा थांबला, की माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकायची.

हिराबाई कधी थांबली नाही. सुकापूरच्या पलीकडे तिचा जमिनीचा एक तुकडा उरला होता. बाकीची इमारतींखाली गेली होती, मुलगा उलव्याला बांधकामाच्या कामावर डंपर चालवत होता. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर ती वाल पेरायची. आमचे कडवे वाल. ते बाजारात यायचे ते थेट तिच्या डोक्यावरून. मला ती ‘बाई’ म्हणायची, शाळेतली मुलं म्हणायची तसं. आणि मी? मी तिच्याकडे नेहमी जरा जास्तच निरखून बघायची. इतका साधा माणूस असतो का कधी?

त्या डिसेंबरात मला एक गोष्ट खटकली. तिच्याकडे मागच्या हंगामाचे सुके वाल होते, आणि त्यात एकही किडका दाणा नव्हता. विचार करा — औषध नाही म्हणता, आणि डिसेंबरपर्यंत एक भोक नाही? मी विचारलं, तर ती म्हणाली, “राखंत ठेवते बाई. चुलीची राख.” घरी जाऊन मी ताटभर वाल पसरले. राखेचा कण नाही. अर्थातच नाही — ती चाळून, पुसून आणत होती. पण ते मला तेव्हा सुचलं नाही. की सुचून घ्यायचं नव्हतं?

पुढच्या रविवारी तिच्या टेबलामागे मला गोणी दिसली. पांढरी, विणीच्या प्लास्टिकची, दहा किलोची. तिच्यावर वाशीच्या घाऊक बाजारातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याचा छाप आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘वाल’. अर्धी भरलेली, भिंतीला टेकवलेली. मला काय वाटलं ते सांगू? वाईट नाही वाटलं. आनंद झाला. पेपरात कॉपी सापडल्यावर व्हायचा तसाच.

मी फोटो काढला. तिला विचारलं नाही. तो समितीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — ‘हे आपले स्थानिक वाल!’ पुढे काही लिहावं लागलं नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचं सगळं बोलून झालं होतं.

इथपर्यंतचं मी कधीकधी स्वतःशी कबूल केलंय. चूक झाली, घाई झाली, असं म्हणून. पण कबूल करायचं ते हे नव्हेच. हे सांगून थांबले असते तर तुम्ही मला माफही केलं असतं.

बुधवारी संध्याकाळी समिती बसली. हिराबाईला बोलावलं होतं. तिच्यासाठी ती बैठक साधी नव्हती. जानेवारीत बाजाराची पोपटी ठरली होती — मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून शेकोटीत भाजायची, सगळ्या सोसायट्यांना बोलावून. त्या शेंगा तिच्याकडून घ्यायच्या असं आमचं ठरलं होतं. त्या भरवशावर तिनं त्या साली सगळा तुकडा वालाखाली आणला होता. आणि त्याहून मोठं म्हणजे तिचं नाव. गावात तिला लोक सांगायचे, शहरातले लोक तुला तुझ्या नावाची पाटी लावून बसवतात.

ती गोणी घेऊनच आली होती. रिकामी करून, घडी घालून. टेबलावर ठेवली आणि उलगडली. छाप खाली गेला, मागची बाजू वर आली.

गोणीच्या तोंडाशी निळा काठ शिवलेला होता. वर बारीक पांढरी वेल. माझ्या जुन्या साडीचा काठ. प्लास्टिकचे दोरे सुटू नयेत म्हणून मी तो दुहेरी टाक्यांनी स्वतः शिवला होता. गोणी माझी होती. सप्टेंबरात मी टोपलीत टाकलेली.

आता कळलं? ‘जवळचं खा, ओळखीच्या हातचं खा’ असं सगळ्यांना सांगत फिरणारी मी — माझ्या घरात वर्षाचे वाल, तूरडाळ, मूग सगळं वाशीहून यायचं. स्वस्त पडतं म्हणून, सवय म्हणून. समितीतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — वर्गात ही म्हण मी किती वेळा ऐकवली असेल. छाप खालच्या बाजूला असेल म्हणून, की घाईत टाकली म्हणून — मी टोपलीत टाकताना विचारच केला नव्हता.

फोटो काढताना मी ती खरंच ओळखली नव्हती? तोंड दुमडलेलं होतं, काठ आत गेला होता, दिसत नव्हता. असं मी म्हणते. पण दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता का?

हिराबाई म्हणाली, “ही मना तुमच्याच टोपलीत मिलाली.”

अध्यक्षांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, कुणाची आहे का ही? कुणी बोललं नाही. मग त्यांनी तिलाच विचारलं, कोणी टाकली ते तुम्ही पाहिलं का.

ती जरा थांबली. पहिल्यांदाच.

“ज्यांनी ठेवली त्यांना म्हाईत,” म्हणाली.

मी समोरच बसले होते. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. एवढंच मी केलं. दोन शब्द पुरले असते — ‘माझी आहे’. लोक हसले असते, मीही हसले असते, आणि हिराबाई घरी जाऊन शेंगांची राखण करत बसली असती. ते दोन शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत. उलट मी काय म्हणाले, ते सांगते. मी म्हणाले, “टोपलीतली असेलही. पण औषधाशिवाय कीड कशी नाही, हा प्रश्न उरतोच ना?”

त्यावर ठरलं. तिचं टेबल काढलं. पोपटीच्या शेंगा दुसऱ्या कुणाकडून आल्या. कुठून आल्या, ते मी विचारलं नाही — मी, जी सगळ्यांना विचारते. मडकी छान भाजली गेली, मुलं नाचली. मी दोन शेंगा खाल्ल्या आणि उष्णतेचा त्रास होतो म्हणून उठले.

छापील गोणी कुणी वापरू नये, असा नियम नंतर झाला. त्याचा मसुदा माझा.

हिराबाई आता उरण नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला बसते. पुढचे काही महिने मी त्या बाजूनं गेलेच नाही. चोराच्या मनात चांदणं — तिनं गावात सांगितलं असेल, मुलाला सांगितलं असेल, कोण माझ्याकडे बघून काय कुजबुजतंय, हेच माझ्या डोक्यात असायचं. कुणीच काही कुजबुजत नव्हतं. मार्चमध्ये रिक्षा तिथे अडकली आणि तिनं मला बघितलं. हाक मारली. मला उतरावं लागलं.

तिनं टोपलीखालून घडी काढली आणि माझ्या हातात दिली. गोणी धुतलेली होती. निळा काठ एका जागी उसवला होता, तो तिनं काळ्या दोऱ्यानं शिवला होता.

“तुमची हाय बाई. तुमी टोपलीत ठेवताना मी बघलेलं.”

मग तू बोलली का नाहीस, असं मी विचारलं. विचारायचा अधिकार नव्हता, तरी विचारलं. आवाजही चढला होता माझा.

ती वाल मोजत होती, गिऱ्हाईक थांबलं होतं. मान वर न करता म्हणाली, “तुमी बोलाल म्हनून थांबले.”

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी जाऊन बसले.

ती पिशवी माझ्याकडे आहे. तूरडाळ अजून वाशीहूनच येते. समितीतही मी आहे, आणि दर रविवारी नव्या विक्रेत्याला पहिला प्रश्न मीच विचारते.