चिंचोक्यांवर ठरलेले मेन बोर्ड

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की मेन स्विचचा लोखंडी डबा खांद्यावर ठेववत नव्हता. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. शेजारच्या गुरुजींनी घरचा बोर्ड बदलायले बोलावलं होतं. दिघोरी गावात त्यांच्याच शब्दाले वजन. त्यांनी माझं माप नाकारलं, तं उद्यापासून मले कोण बोलावंन?

जुन्या बोर्डात कोळ्याचं जाळं साचते ना, तसे माझ्यासारख्या वायरमनजवळ किस्से साचतात.

मी शाळा पाहिली नाही. घरातला विजेचा लोड चिंचोक्यांनी मोजायचो. बल्बले एक, पंख्याले एक, इस्त्रीले दहा, शेगडीले वीस. पंचेचाळीसपर्यंत पंधरा अँपिअरचा मेन, वर गेलं का तीसचा. माझ्या हातचं एकही घर जळलं नाही!

*

धानाचे व्यापारी शेठ म्हणाले, "पाटलाकडे तीसचा हाये. मले साठचा पाहिजे!"

घरात चार बल्ब अन् एक रेडिओ!

"शेठ, तार बारीक अन् फ्यूज जाड, तं फ्यूज राहीन अन् घर पेटंन."

ऐकेचनात. शेवटी आत पंधराचा लावला अन् ओसरीत साठचा रिकामा डबा. शेठ त्यात पान-सुपारी ठेवत!

*

एक आजी. "चार बल्ब, बस्स!"

कोपऱ्यात काहीतरी पोत्यानं झाकलेलं. "आजी, त्याच्याखाली काय हाये?"

"जवाहरनगरच्या जावयानं शेगडी देल्ली. तुले सांगतली असती, तं तू महागाचा मोठा बोर्ड लावला असता!"

*

एकानं फ्यूजच्या जागी खिळा घातला. "आता उडतच नाही, भाऊ!"

मी खिळा काढून त्याच्या हातात देल्ला. आतून आलेली त्याची बायको ओरडली, "अवो, हाच तो! दोन दिवस झाले, सूप टांगायचा खिळा शोधून राहिली मी!"

*

त्या दिवशी गुरुजी कागद घेऊनच बसले होते. "वॅट मांडले, भागाकार केला. पंधराचा पुरे."

मी ओसरीवर चिंचोके मांडले. "त्रेपन्न भरले, गुरुजी. तीसचा लागंन."

"गंगाराम, हा पोरखेळ हाये. माझ्या कागदातल्या सामानाचे अडतीसच होतात. वरचे पंधरा कायचे?"

"पाणी तापवायच्या रॉडचे."

"आमच्याकडे रॉड नाही!"

"हिवाळ्यात ताई सासरहून पहिल्या बाळंतपणाले येणार ना? न्हाणीत गरम पाणी लागंन."

गुरुजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"गंगाराम, तीसचाच लाव. माझ्या कागदात घर होतं, पोरगी नव्हती."