हेमाडपंती मखर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीला केलेलं मखर म्हणजे देऊळ नव्हतं. ते जर्मनीतलं एक चर्च होतं. मला ते ठाऊक होतं, आणि ते हेमाडपंती आहे असं मी बेधडक सांगितलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी इंग्लंडात मेडनहेडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, राहायला लंडनमध्ये एजवेअरला. ऑफिसच्या कपाटात मला एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन चर्च-आर्किटेक्टचं चरित्र सापडलं आणि मी त्या माणसाच्या प्रेमातच पडलो. गवंड्याचा मुलगा. उभा जन्म विटांमध्ये गेला. गावोगावी चर्च बांधली आणि बहुतेक गावांत पाद्र्याशी भांडला, कारण पाद्र्यांना नक्षी हवी असायची आणि याला नको. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला प्रवचन देणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. त्यासाठी तो खांब बारीक करायचा, आणि काम चालू असताना शेवटच्या बाकाच्या जागी स्वतः उकिडवा बसून बघायचा. शेवटच्या चर्चचा मनोरा पुरा होण्याआधीच तो गेला. ते पान मी ट्रेनमध्ये वाचलं. डोळे पुसेपर्यंत माझं स्टेशन मागे गेलं.

त्याच उन्हाळ्यात मंडळाचे सेक्रेटरी काका घरी आले. पोस्टात नोकरी करणारा साधा, हौशी माणूस.

"यंदा मखर तू कर. आणि मागच्यांना गणपती दिसू दे बाबा. गेल्या वर्षी आमच्या हिला नुसत्या झिरमिळ्या दिसल्या."

शेवटच्या बाकावरची म्हातारी! मला तर आनंदाने वेडच लागलं. चरित्रातलं त्याच्या एका चर्चचं चित्र समोर ठेवून, गॅरेजमध्ये थर्माकोलचा भुगा उडवत मी टोकदार कमानी कापल्या, मधले खांब काडीसारखे बारीक केले, वीट न् वीट रंगवली. मनोरा इतका उंच झाला की गॅरेजचं दार मिटेना. भुगा भुवयांना चिकटलेला, आणि मी आपला शिट्टी वाजवतोय.

"अहो," बायको म्हणाली, "हे देऊळ मी नाताळच्या कार्डावर पाहिलंय."

मी मनोऱ्यावर कळस बसवला, वर भगवा लावला. काका बघायला आले, भोवती दोनदा फिरले.

"शैली कुठली म्हणायची?"

चर्च म्हटलं असतं तर कमिटीची चर्चा पुढच्या गणपतीपर्यंत चालली असती. आणि मला ते मोडायचं नव्हतं.

"हेमाडपंती."

"वा," काका म्हणाले. मी शिकलेला माणूस, माझ्यावर त्यांचा विश्वास.

आता कपाळाला हात लावण्याजोगी गोष्ट सांगतो. मंडळाचा हॉल एका छोट्या जर्मन चर्चचा होता. मला तो हॉल म्हणजे किचन, खुर्च्या आणि पार्किंग एवढाच माहीत.

पहिल्या संध्याकाळी आरती अशी रंगली की खिडक्या थरथरल्या. मागच्या रांगेतल्या आज्या माना न उंचावता गणपती बघत होत्या. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या, न पिता मला चढली होती. तेवढ्यात पाहुणे म्हणून तिथले पास्टर आले. नवा कोट घातलेल्या काकांनी त्यांना हेमाडपंती शैली इंग्रजीत समजावली, दगडावर दगड, चुना नाही, सगळं. पास्टरनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्या आईवडिलांचं लग्न या चर्चमध्ये झालं," ते मखराकडे बोट दाखवत म्हणाले. "मनोऱ्याची खिडकी अगदी बरोबर जमलीय."

हॉलमध्ये हशा फुटला. हसता हसता सगळे माझ्याकडे वळले, आणि मी म्हणालो, "मला काय विचारता? काकांनी सांगितलं तसं केलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पास्टरना प्रसाद द्यायला वळले.

तेव्हापासून त्यांचं नाव हेमाडपंत पडलं. वेम्बलीच्या भाजीच्या दुकानातही हाक यायची, "काय हेमाडपंत, भेंडी कुठल्या शतकातली?" ते हसायचे. पुढच्या वर्षी सेक्रेटरीपदाला ते उभे राहिले नाहीत. मंडळाने मला निवडलं, आणि मी हो म्हणालो.

नव्वदच्या दशकात काकांच्या मुलाने मेडनहेडला घर घेतलं. सत्यनारायणाला जुनं मंडळ झाडून आलं होतं. काका किचनमध्ये शिरा ढवळत होते. मी दार लोटलं.

"काका, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. मी तिथंच होतो की."

"मला माफ करा."

"मला किचनमध्ये काय सांगतोस? हसले ते बाहेर बसलेत."

खरंच होतं ते. मी बाहेर आलो. कुणीतरी ओरडत होतं, "हेमाडपंत, शिरा या शतकात मिळणार का?" मला कुठून कोण जाणे हसू फुटत होतं. मी खुर्ची ओढून तिच्यावर चढलो. काका हातात डाव घेऊन दारात उभे होते.

"जरा ऐका," मी म्हणालो. "ते चर्च आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. हेमाडपंती हा शब्द माझा. काकांनी विश्वास ठेवला, आणि मी तुम्हा सगळ्यांसमोर त्यांच्यावर ढकललं. इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाला हसलात, आणि मी हसू दिलं. काका, मी तुमची माफी मागतो."