मालखान्याच्या भिंतीतलं भोक

ती घटना विसरावी म्हणून मी बरेच उपाय केले. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा टांगलं. पण कॅलेंडर महिन्याला उलटावं लागायचं, आणि उलटताना मागचं भोक दिसायचं. त्या भोकाकडे येतोच, आधी गुन्हा सांगतो.

मी तेव्हा भिलाईत टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. दसऱ्याच्या संध्याकाळी सेक्टर १० मधल्या एका ठेकेदाराला त्याच्याच क्वार्टरच्या फाटकात मांडीत गोळी लागली. फटाके इतके वाजत होते की शेजाऱ्यांना ती ऐकूच आली नाही. दवाखान्यात त्याने जबाब दिला. बाहेरून एकाने गोळी झाडली आणि पळाला. कोण? त्याच्याच हाताखालचा कोहका वस्तीतला एक वेल्डर. आदल्या दिवशी या वेल्डरने सेफ्टी बेल्टशिवाय उंचीवर चढायला नकार दिला होता, आणि पन्नास मजुरांसमोर ठेकेदाराला म्हणाला होता, "तुले पाहून घेईन."

हेतू मिळाला, धमकी मिळाली. तासाभरात पावर हाउस भागातल्या एका पानठेलेवाल्याने खबर दिली की हाच वेल्डर जोरात पळत जाताना दिसला. मी त्याला उचलला आणि लॉकअपमध्ये टाकला. एसपी साहेबांनी प्रेस नोट काढली. पत्रकारांना चहा मी स्वतः पाजला. माझ्या नोकरीतला सर्वात महागात पडलेला चहा तो.

सकाळी चौकशीला बसलो. दुपारी त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात कोर्टात उभं करायचं होतं.

"बंदूक कुठे टाकलीस?"

"साहेब, माह्याजवळ वेल्डिंगचा होल्डर हाय. तो जप्त करा."

"मग पळत का होतास?"

"रावन पेटून राहिला होता न! पोरगी खांद्यावर बसून बोंबलून राहिली, बाबा, रावन जळून जाईन! मंग काय चालत जाऊ?"

मी टेबलावर जोरात हात आपटला. हात माझाच दुखला. तो शांतपणे म्हणाला, "लागलं का, साहेब?"

बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती. रडत नव्हती. मला पाहताच उभी राहिली. "माह्या मानसाले कावून धरलं? बेल्ट मागितला म्हून?"

मी पानठेलेवाल्याला फोन लावला. "पळताना त्याच्या खांद्यावर पोरगी होती का रे?"

"थी न साहब. आपने पूछा ही नहीं."

खबऱ्या तुम्ही विचाराल तेवढंच सांगतो. हे मी नव्या शिपायांना वीस वर्षं शिकवत होतो. स्वतःला शिकवायचं राहून गेलं होतं.

मग जप्तीचा पंचनामा काढला. ठेकेदाराच्या पँटबद्दल लिहिलं होतं, 'एक छिद्र, गुडघ्याच्या वर.' खाली माझी झोकदार सही. सही करण्यापूर्वी वाचायचं असतं हा नियम मला पाठ होता, सवय नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, गोळी कमरेच्या खाली शिरली, तिथली कातडी भाजली आहे, आणि गुडघ्याच्या वर बाहेर पडली. म्हणजे शिरण्याचं भोक अंगावर होतं, पँटवर नव्हतं. गोळी बाहेरून आलीच नव्हती. पिस्तूल पँटच्या आत होतं.

ठेकेदाराकडे परवान्याचं छोटं पिस्तूल होतं, कमरेला खोचलं तर सदऱ्याखाली दिसणारही नाही असं. त्याच्या जबाबाप्रमाणे ते घरी होतं, आणि होतंही. त्याच्या बायकोने ते देवघरातून काढून दिलं. "काल पूजा केलती न त्याची." नळीवर कुंकू होतं. ट्रिगरभोवतीच्या कड्यात लाल नाडा बांधला होता, आणि त्याचं एक टोक तुटलेलं होतं.

तसा नाडा मी ओळखत होतो.

दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या शस्त्रपूजेत मीही माझ्या पिस्तुलाला असाच नाडा बांधला होता. पिस्तुलात नाडा ओवायला सोयीची जागा ती एकच, ट्रिगरचं कडं. संध्याकाळी सोडायला गेलो तर गाठ सुटेना. चेंबरमधली गोळी काढायची विसरलो होतो. ओढला नाडा. गोळी ठाण्याचा लेखनिक मुन्शी याच्या कानाजवळून जाऊन मालखान्याच्या, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीच्या, भिंतीत घुसली. ठाण्याच्या रोजनामच्यात आम्ही लिहिलं, 'सफाई करताना अनवधानाने.' आणि भोकावर कॅलेंडर लावलं.

मी दवाखान्यात ठेकेदाराच्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, गोळी पूजेच्या नाड्याने सुटली.

"धाग्यानं कुठं गोळी सुटते का, टीआयसाहेब? पिस्तुलाले सेफ्टी हाय."

"लावलेली होती?"

"वेळेवर कोन खटका सरकवत बसन?" बोलून गेला आणि जीभ चावली.

"म्हणजे पिस्तूल कमरेलाच होतं. नुसतं पँटमध्ये खोचलेलं, गोळी चढवलेली, खटका मोकळा. खोचताना नाडा पट्ट्याच्या बकलात अडकला. गोळी सुटल्यावर पिस्तूल परत देवघरात ठेवलं."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "लोकं हासतीन. ज्याले पिस्तूल दाखवत फिरलो, थेच हासतीन."

मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. कानाजवळून गेलेली गोळी, मुन्शीची किंकाळी, सगळं. तो हसला, हसताना मांडी दुखली म्हणून कळवळला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "आन् कागदावर काय लिवलं तुम्ही?"

मी सांगितलं, "सफाई करताना."

"मंग मी बी वेल्डरनं मारलं म्हनतो. तुमचा खोटा कागद चालते, माहा कावून नाही?"

तीस वर्षं चौकशा केल्या, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कोर्टाला दोन तास उरले होते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागले असते, तोवर वेल्डर आत. मी मुन्शीला फोन केला, रोजनामचा घेऊन बोलावलं. त्याने हात जोडले. "सर, पेन्शन का सोचिए." मी त्या दिवशीच्या तारखेला नवीन नोंद लिहिली, की दोन वर्षांपूर्वीची अमुक नोंद खोटी आहे, पूजेचा नाडा ओढताना गोळी माझ्या हातून सुटली, साफसफाई कोणी करत नव्हतं. खाली सही केली. या वेळी वाचून केली.

ठेकेदाराने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "आना कागद," आणि खरा जबाब लिहून दिला.

एसपी साहेब फोनवर ओरडले, "प्रेस नोट वापस कैसे लूँ मैं?"

"जैसे मैंने अपना रोजनामचा वापस लिया, सर. लिखकर."

"तुम्हारा तो करियर गया!"

"जाने दीजिए सर. आदमी को तो घर जाने दीजिए."

वेल्डर कागदपत्रं पूर्ण होऊन संध्याकाळी घरी गेला. ठेकेदारावर खोट्या जबाबाची आणि निष्काळजीपणाची कारवाई झाली, परवाना गेला. मला निंदेची शिक्षा, म्हणजे लेखी ठपका, झाली, बढती टळली. ती निंदा माझ्या सेवापुस्तिकेत आहे, आणि तिच्याविरुद्ध मी अपील केलं नाही. माझ्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत तेवढा एकच कागद मी स्वतः कमावलेला आहे.

या गुन्ह्याने मला शिकवलं ते असं. पिस्तूल 'आपोआप' सुटत नाही. कोणीतरी ट्रिगर दाबतो, बोटाने, नाड्याने, नाहीतर सदऱ्याच्या टोकाने. म्हणून खोचायचं तर ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानातच, आणि बोट कड्याच्या बाहेर. पूजा करायची तर आधी मॅगझीन काढा, चेंबर उघडून डोळ्यांनी पाहा, आणि नाडा पिस्तुलाच्या डब्याला बांधा. देव रागावणार नाही. रागावलाच तर माझं नाव सांगा.

वरिष्ठांच्या पुढच्या तपासणीआधी ठाण्याला रंग द्यायचा होता. रंगारी मालखान्यात आला, त्याने कॅलेंडर उचललं आणि म्हणाला, "साहब, ये छेद भर दूँ?"

"नाही," मी म्हणालो. "चारी बाजूंनी रंग दे, ते तसंच राहू दे. आणि ते कॅलेंडर घरी घेऊन जा."