मोहल्ल्याला हवा होता रेडर

"लग्नाची पोरगी हाये का आपल्या मोहल्ल्यात? असन त सावली गावाकडचा रेडर आपला झाला समजा."

मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते. बाहेर ओसरीवर माझे वडील, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठे बाबा, आणि मोहल्ल्यातली आणखी चार-दोन माणसं बसली होती. बोलले ते सायकल दुकानवाले भाऊ. दुकानात पंक्चर काढताना ते जे बोलत ते विहारापर्यंत ऐकू जाई, त्यामुळे मधल्या दाराचा काही उपयोग नव्हता. ओसरीवर कोणीतरी खोकलं.

सुपातला माझा हात थांबला. आमचा मोहल्ला म्हणजे विहाराभोवतीची पंचवीस-तीस घरं. त्यात लग्नाच्या वयाच्या मुली किती, हे मोजायला बोटं लागत नव्हती. एकीचं आधीच ठरलं होतं. दुसरी मी.

हा सगळा घोळ सामन्यांच्या नियमामुळे होता. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरायची, आणि तिच्या आधी आमच्या भागातल्या गावांचे कबड्डीचे सामने होत. धान कापून मोकळ्या झालेल्या एखाद्या मोठ्या बांधीत पाणी शिंपडून, धुमसून ग्राउंड तयार करत. टीम मोहल्ल्याची असे आणि खेळाडू त्याच मोहल्ल्याचा लागे. बाहेरचा चालत नसे. पण जावयाला मात्र कोणी बाहेरचा म्हणत नसे. ज्याची बायको आपल्या मोहल्ल्याची, तो खेळाडू आपल्या मोहल्ल्याचा. लग्न व्हायचं असलं तरी चाले, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं पुरे. फक्त मुलीच्या बापाने सामन्याआधी पंचांसमोर उभं राहून 'हा माझा जावई' असं सांगायचं.

त्यामुळे दर हिवाळ्यात आमच्याकडे जावयांची चर्चा होई, आणि तिचा सूर इतर घरांतल्या जावयांच्या चर्चेसारखा नसे.

"पाच जावई हायेत आपल्याकडं," मोठे बाबा म्हणाले. मोहल्ल्याच्या टीमची शिट्टी त्यांच्या गळ्यात असे. "एकाचा तरी पाय उचलते का? सासरी येतेत, कोंबडी खातेत आन् झोपतेत."

"बल्लारपूरचा चांगला पकडते."

"पकडते न! मागच्या सालात आपल्याच माणसाले पकडलं होतं त्यानं."

सगळे हसले. बाबाही हसले. ते मला ऐकू आलं, कारण बाबा फार कमी हसत. ते सिंदेवाहीच्या धान केंद्रात कामाला होते, रोज सायकलने जात-येत, आणि घरात एखाद्या पाहुण्यासारखे शांत वावरत. पण कबड्डी म्हटली की ते वेगळेच होत. मागच्या वर्षी आम्ही अंतिम सामना एका गुणाने हरलो, तेव्हा त्यांनी दोन दिवस आईच्या हातच्या लाखोरीच्या भाजीलाही नावं ठेवली होती. ती त्यांची सगळ्यात आवडती भाजी.

"पकडणारे हायेत बापा आपल्यापाशी," सायकलवाले भाऊ म्हणाले. "रेडर पाह्यजे, चढाई मारणारा. सावलीकडच्या त्या पोराले तुम्ही पाह्यलं नाई. हातभर लंबा पाय हाये त्याचा. राइस मिलमध्ये नोकरी हाये, घरचे लोक चांगले हायेत, आपल्यातलेच हायेत. आणखी काय पाह्यजे?"

"पोरगी शिकून राह्यली हाये," बाबा म्हणाले.

नाव कोणीच घेतलं नव्हतं. तरी बाबांनी उत्तर दिलं.

"मंग साक्षगंधानं शिक्षण बंद होते का?" भाऊ म्हणाले.

मी तेव्हा चंद्रपूरला मावशीकडे राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि सुट्टीत घरी आले होते. शाळेपासून तिथेच होते, सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत. शाळेत मी 'मले' म्हटलं की मुली हसायच्या. सुट्टीत गावी येऊन 'मला' म्हटलं की इथल्या मुली हसायच्या. दोन्हीकडचं हसू टाळायचा सोपा उपाय म्हणजे न बोलणं, आणि तो मला फार लवकर सापडला. गावात मी गर्विष्ठ म्हणून ओळखली जायची आणि मावशीच्या शेजारात गुणी म्हणून. दोन्ही ठिकाणी मी फक्त गप्प असायची.

त्या गप्प बसण्यात पाहणं मात्र खूप होई. आणि साक्षगंधाबद्दल मी एक गोष्ट पाहिली होती. काही वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातल्या एका मोहल्ल्याने असाच एक रेडर साक्षगंध करून आणला. त्याने कप जिंकून दिला. पावसाळ्यात ते साक्षगंध मोडलं. त्यावरून पुढच्या वर्षी केवढा वाद झाला! कप परत घ्यायचा की नाही, पंचांनी आता काय लिहून घ्यायचं, यावर माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. त्या मुलीचं पुढे काय झालं हे त्या वादात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी तिला एकदा सिंदेवाहीच्या बाजारात पाहिलं होतं. ती आईच्या मागे मागे, खाली बघत चालत होती.

त्या दिवशी ओसरीवर ठरलं ते एवढंच, की आधी खेळ पाहू. रविवारी आपल्या बांधीत एक साधा सामना ठेवू, त्याला बोलावू.

एरवी मुलाकडची माणसं मुलीला पाहायला येतात. मुलगी चहा आणते, खाली मान घालून बसते. इथे आमचा अख्खा मोहल्ला मुलाला पाहायला बांधीवर जमला. म्हातारी माणसं घरून खाटा घेऊन आली. मोठ्या बाबांची सून, माझी वहिनी, मला ओढतच घेऊन गेली. "चाल न," ती म्हणाली. "तुले त पाहाचाच अधिकार हाये. बाकीचे फुकटचे आले."

तो उंच होता हे खरं. सावळा, बारीक, केस तेल लावून चापून बसवलेले. त्याला काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्याकडे पाहून लगेच कळत होतं. तो सगळ्यांना वाकून भेटत होता, आणि म्हाताऱ्या बाया त्याचे दात, पाय, टाचा निरखत होत्या. बैलबाजारात असंच पाहतात. मला त्याची थोडी कीव आली. हे आपल्यालाही लागू आहे, हे मागाहून लक्षात आलं.

आमच्याच पोरांच्या दोन बाजू केल्या, एकीत त्याला घेतलं. तो खेळायला लागला आणि सगळं विसरायला झालं. चढाईला जाताना तो घाई करत नसे. कोपऱ्यातल्या माणसाकडे बघायचा आणि हात मधल्याला लावायचा. सायकलवाले भाऊ प्रत्येक चढाईला उठून उभे राहत आणि मागच्यांच्या शिव्या खाऊन खाली बसत.

"पाह्यलं? पाह्यलं का?" ते बाबांना म्हणत होते. बाबांचे नुसते गुडघे हलत होते. बाबा मनातल्या मनात खेळत होते.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. गुण बरोबरीत होते. तो चढाईला गेला, दोघांना मारलं, तिसऱ्याने त्याचा पाय धरला. तो घासत, सरपटत, हात लांब करून मध्यरेषेकडे आला. बोटं रेषेला लागली. मोठ्या बाबांनी शिट्टी फुंकली, माणसं उठली, पोरं ओरडत आत धावली. त्या आरड्याओरड्यात तो मातीतून उठला, एक हात वर केला आणि मान हलवली.

"नाई. दम तुटला होता माहा."

"कोणी आयकलं नाई," मोठे बाबा म्हणाले.

"मले मालूम हाये न, भाऊ. रेषेच्या आधी तुटला. मी बाद हावो."

आणि तो चालत बाहेर गेला. त्याची बाजू हरली.

आमची माणसं गोंधळून गेली. साधा मैत्रीचा सामना, हरण्या-जिंकण्याला काही अर्थ नव्हता, तरी कोणाला काय म्हणावं ते सुचेना. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काऊन बाहेर गेला तो?" त्याला कोणी समजावून सांगितलं नाही. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी ग्राउंडकडे बघत राहिले.

दुपारी तो आमच्याकडे जेवला. पाण्याचा तांब्या मी नेला. घरात आल्यापासून त्याला काहीतरी जाणवलं असावं. आईचा आग्रह जरा जास्त होता, आणि खिडकीतून बाया डोकावत होत्या. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही चंद्रपूरले शिकता?" त्याने तांब्याकडे बघत विचारलं.

"हो."

"काय विषय?"

"बॉटनी."

"चांगला असन," तो म्हणाला, आणि भातावर वरण घेतलं. आमचं बोलणं एवढंच. तीनच्या एस.टी.ने तो गेला. जाताना त्याने बाबांना विचारलं, "पुन्हा बोलवान न खेळाले?" बाबांनी हो म्हटलं आणि मग चेहरा असा केला, जणू जास्त बोलून गेले.

ऊन कलल्यावर ओसरी पुन्हा भरली. मी मधल्या दाराच्या आत, वहिनी माझ्या शेजारी. ती उगाचच माझ्या मांडीवरच्या ताटात लसूण सोलत होती.

"रेडर एक नंबर हाये," सायकलवाले भाऊ म्हणाले. "पण हे काय? कोणी विचारलं होतं त्याले? अंतिम सामन्यात असा हात वर केला त आपण काय कराचं?"

"मांग तूच म्हणत होता, आणा म्हणून."

"मी पायाचं म्हटलं. जबानीचं मले काय मालूम!"

"इतका इमानदार माणूस ग्राउंडावर कामाचा नाई," एक जण म्हणाला. "असा माणूस घरात चांगला."

मोठे बाबा शिट्टी बोटांत फिरवत होते. "मंग त जावई म्हणूनच चांगला झाला न तो," ते म्हणाले. "टीमचं जाऊ द्या. टीमचं पाहू आपण. पण असा पोरगा कुठी भेटते?"

सगळे एकदम बोलायला लागले. आतापर्यंत ज्याचा रेडर म्हणून विचार होत होता, त्याचा आता मुलगा म्हणून होऊ लागला. राइस मिल, घरची चार एकर बांधी, आई-वडील, एक बहीण लग्नाची. साक्षगंध जत्रेच्या आधीच उरकलं तर सामन्यालाही कामात येईल, हे सायकलवाले भाऊ मधूनच पुन्हा घुसवत होते. दम तुटल्याचं विसरायला ते तयार झाले होते.

वहिनीने माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आयकलं का? आतापर्यंत टीमसाठी होता, आता तुह्यासाठी हाये म्हणतेत. यात तुले नाई कसं म्हणता येईन?"

तिने ते चिडवायला म्हटलं, पण खरं होतं. हसण्यावारी नेता येईल असं त्यात आता काही उरलं नव्हतं. तो वाईट असता तर सोपं होतं. तो मला आवडला होता. हात वर केला तेव्हाच. आणि मला दिसत होतं की साक्षगंध झालं की सामने होतील, सामने झाले की त्यांच्याकडची माणसं म्हणतील आता लग्न लांबवायचं कशाला, मग मावशीकडची माझी लोखंडी पेटी कोणीतरी जाऊन घेऊन येईल. हे कोणाच्या मनात वाईट हेतूने नव्हतं. असं आपोआप होत असे.

"बाप काय म्हणते?" मोठ्या बाबांनी विचारलं.

मला वाटलं बाबा हो म्हणतील. मागच्या वर्षीचा तो एक गुण त्यांच्या छातीत अजून होता, हे मला माहीत होतं. मग त्यांनी मान वळवून आत, दाराकडे, थेट माझ्याकडे पाहून विचारलं, "तुले काय वाटते?"

ओसरीवर मुलीला असं विचारायची रीत नव्हती. सायकलवाले भाऊ चुळबुळले. "काय विचारता तिले? ती बोलते का कधी!"

वहिनीने लसणाचं ताट माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. मी उठले आणि उंबऱ्याच्या बाहेर आले. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. मी बाबांकडे पाहून बोलायला लागले, म्हणजे बाकीच्यांकडे पाहावं लागणार नाही.

"मुलगा चांगला आहे, बाबा. मला आवडला. पण माझं बी.एस्सी. व्हायचं आहे, आणि त्याच्याआधी मी साक्षगंध करणार नाही, सामन्यासाठीही नाही आणि माझ्यासाठीही नाही. तो थांबतो का, ते त्याला विचारा. आणि मोठे बाबा, या वर्षी रेडर दुसरा पाहा."