बोहेमियन लग्नाला देवणीचे तुरे

लातूरच्या बसस्टँडावर उतरले तेव्हा माझ्या दोन्ही काखेत पम्पास गवताचे भारे होते. पल्लवीला बोहेमियन लग्न हवं होतं. म्हणजे मोकळंढाकळं: फिकट कापडं, वेताच्या खुर्च्या आणि मांडवभर हे वाळकं, पिसांसारखं मऊ गवत. बस्ता, बँड, जेवण सगळं तिनं घरच्यांवर सोडलं होतं. मांडव तेवढा तिचा, आणि तो सजवायला पुण्याहून मी.

देवणीला जाणाऱ्या काळीपिवळीत (भाड्याची जीप) ड्रायव्हरनं विचारलं, "म्हशीला का हे, ताई?"

"नवरीला," मी म्हणाले. मग तो रस्ताभर आरशातून माझ्याकडेच बघत होता.

लग्नघरी पल्लवीचे वडील, अण्णा, स्वतः पुढे आले. "कशाला तकलीफ घेतली?" म्हणत त्यांनी भारे उचलून नेले आणि मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार. मी हावरटासारखी जेवले. हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर गव्हाणीत (गुरांना चारा घालायची जागा) माझा सगळा मांडव पडलेला! काळापांढरा देवणी वळू तो हुंगून पायाखाली तुडवत होता.

अण्णा काळजीत. "खाईना की हो. लई जून आणलाव काय?"

मी खुलासा केला. पल्लवीच्या काकूंनी कपाळावर हात मारला. "जनावर तोंड लावंना, अन् तुम्ही पोरीच्या मांडवाला लावायलाव?"

सगळे हसले, पल्लवी सोडून. शेणानं बरबटलेलं गवत बघून तिचे डोळे भरले. "एवढंच तर मागितलं होतं मी." लग्न दुसऱ्या दिवशी. नवीन गवत कुठून आणणार? अण्णांनी त्यातला एक तुरा उचलला, झटकला, निरखून पाहिला आणि शेताकडे निघून गेले.

सकाळी वाजतगाजत मांडवडहाळे आले (भावकीनं मांडवासाठी आणलेल्या हिरव्या फांद्या). बैलगाडीत आंबा, जांभूळ, उंबर आणि त्यावर रुपेरी तुऱ्यांचा ढीग. उसाचे तुरे! उसाला तुरा आला की वजन घटतं म्हणून शेतकरी हळहळतो. इथं गुलालानं माखलेले अण्णा गाडीत उभे राहून विचारत होते, "पल्लू, चालंल का गं हे?"

पल्लवी तशीच गाडीवर चढली.

मांडव भावकीनं बांधला. मी खालून "जरा डावीकडे" म्हणत होते, पण बँडपुढे माझं ऐकतंय कोण!

परतीच्या प्रवासात माझ्या कामाच्या ऑनलाइन पानावर टाकायला फोटो निवडत होते. सगळ्यात देखण्या फोटोत तुऱ्यांखाली पल्लवी आहे, आणि मागे टोपी तिरकी झालेले अण्णा एक कललेला तुरा सरळ करताहेत. असल्या फोटोतून मी मागची माणसं कापून फक्त नवरी ठेवते. बोट फोटोच्या कडेला नेलं, आणि अण्णांना कापवेना. फोटो आहे तसाच टाकला.