अर्धी गोळी

डॉक्टर कांबळे पेशंटला ‘काळजी घ्या’ असं कधी म्हणत नसत. तपासून झालं की ‘बुधवारी येते’ म्हणत, आणि येत. आमचा फिरता दवाखाना चाकणच्या कारखान्यांमागे, डोंगरातल्या वाड्यांवर जाई. त्या तपासत, मी औषधं देई. वाटेत मी वाचत बसलो की म्हणत, "पुस्तकातली माणसं थांबतील हो. ठकूबाईचं बीपी थांबणार नाही."

ठकूबाई वरच्या वाडीतली म्हातारी. तिचं बीपी काही केल्या उतरेना. एकदा ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं विचारलं.

"घेती की. पर अर्धीच."

"अर्धी का?"

"तुमची गाडी न्हाई आली मंजे? अशा लई गाड्या आल्या. फोटू काढून गेल्या." तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. आत अर्ध्या गोळ्या होत्या.

मला वाटलं, आता बाई रागावणार. त्या खाली तिच्याशेजारी बसल्या. "खरंय आजी. पण अर्ध्या गोळीनं एक दिवस हात-पाय लुळे पडतील. असं करा, ज्या बुधवारी मी येणार नाही, त्या बुधवारपासून अर्धी घ्या."

"बघू," ठकूबाई म्हणाली.

बाई पिंपरीत वाढलेल्या, वडील कंपनीत कामगार. ‘शिफ्ट म्हणजे शिफ्ट’ हे त्यांच्या घरचं वाक्य. एका बुधवारी महाळुंग्याजवळ आमची गाडी बंद पडली. ड्रायव्हर दत्ताभाऊ म्हणाले, "बाई, आज राहू द्या. एका खेपेनं काय होतंय?"

"ठकूबाई परत गोळी तोडेल, दत्ताभाऊ."

बाजारातून रिकामा परतणारा भाजीचा टेम्पो बाईंनी हात करून थांबवला. आम्ही क्रेटवर बसलो, औषधांची पेटी मांडीवर. वाडीत उतरल्यावर ठकूबाईनं त्यांच्या केसांतली कोथिंबिरीची काडी काढली. "बाजार करून आल्या व्हय, बाई?" म्हणाली, आणि सगळ्यांसमोर अख्खी गोळी गिळली. त्या वर्षी तिचं बीपी उतरलं.

बाई एका सोमवारी अचानक गेल्या. हृदयविकार. मंगळवारी चिखलीतल्या त्यांच्या घरी जमलो असताना कुणीतरी म्हणालं, उद्याची फेरी रद्द करू. मी सहसा चारचौघांत बोलत नाही. "उद्या बुधवार आहे," एवढंच म्हणालो.

बदली डॉक्टर घेऊन आम्ही वर गेलो. ठकूबाईला सांगितलं. ती गाडीच्या पायरीवर बसली. मग तिनं गोळी तोडली. अर्धी तोंडात टाकली, अर्धी पदरात बांधली.

"बाई येत व्हत्या. तुमचं काय ठावं न्हाई."

"बुधवारी येतो," मी म्हणालो.

त्यानंतर एकही बुधवार चुकलेला नाही. गेल्या खेपेला पाहिलं, तिच्या पदराची गाठ अजून आहे. उद्याची पेटी भरून दाराशी ठेवली आहे.