सगुणाची तहान

"हा कॉलरा आहे," डॉक्टर म्हणाले, अन मी म्हणलं, "नाई बाप्पा, आंब्याच्या रसाचं अजीर्ण हाय हे."

कॉलरा म्हणजे मरी. आमच्याकडं कोणी तिचं नाव घेत नाई. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात माझी सून सगुणा खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. अन मी डॉक्टरासंगं हुज्जत घालून राहिली होती.

आदल्या दिवशी सकाळी तिले जुलाब लागले, तवा चार बायांत मीच तिले बोलली होती, "खादाड मेली! रस दिसला का तुटून पडते." दुपारी उलट्या सुरू झाल्या. जुलाब तांदळाच्या धुवणावानी पांढरे. पायात गोळे येऊन राहिले. अन पोरगी एकच मागे, "आत्याबाई, पाणी द्या."

मी देलं नाई. माझ्या सासूनं मले हेच शिकवलं होतं का जुलाबात पाणी पाजू नये, फुटक्या मडक्यात काहून ओतता? सगुणा सरकत सरकत रांजणापाशी गेली, तर मी तिच्या हातातून पाण्याचा गडवा हिसकून घेतला. घरात रांजण भरलेला, अन तिचे ओठ तडकलेले. कोण्या वैऱ्यानं नाई, मी केलं हे.

डॉक्टरनं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"अंगातलं पाणी संपलंय. हिला पाणी कोणी दिलं नाही?"

"मीच नाई देलं," मी म्हणलं. मंग मडक्याची गोष्ट सांगतली. ते चिडले नाईत, त्याचंच मले जास्त लागलं.

"सगळे जुलाब एका जातीचे नसतात, आजी," ते म्हणाले. "अजीर्णात न पचलेलं अन्न पाणी धरून ठेवतं. पोट साफ झालं की ते थांबतात. डिसेंट्री वेगळी, म्हणजे तुमची रक्ती आंव. त्यात आतड्याला जखमा होतात, म्हणून मुरडा येतो, रक्त पडतं. अन या कॉलऱ्यात आतडं पाणी शोषायचं सोडून अंगातलंच पाणी बाहेर टाकतं. मडकं सांडतंय, म्हणून तर भरत राहायचं."

मंग त्यायनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

आमी माळी. बडनेऱ्याच्या वाटेवर आमची वाडी. कापसाले सोन्याचा भाव आला तसे अकोल्याकडचे गाडीवाले आमच्याच विहिरीवर मुक्काम करत. वांगी, मिरच्या घेत, म्हणून मी कोणाले हटकलं नाई. त्यातला एक जण जुलाबानं आजारी होता. त्याच्या सोबत्यायनं त्याचं भरलेलं धोतर काठावर धुतलं, अन ते पाणी विहिरीत उतरतानी मी डोळ्यानं पाहिलं होतं.

"माझ्या वरच्या साहेबाला हा रोग हवेतून येतो असं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "मला पाण्याचा संशय आहे. उकळून द्या."

मंग मी खाटेपाशी बसली. उकळून गार केलेलं पाणी, मिठाची पातळ पेज, घोट घोट. ती ओकून टाके, मी पुन्हा पाजे. मनात म्हणे, देवा, हिले नेऊ नको, न्यायचं तर मले ने, गडवा मी हिसकला.

दुसऱ्या दिवशी तिले लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणी टिकायला लागलं. वाचली." मी तोंडात पदर कोंबून रडली. त्या भल्या माणसाचे उपकार फिटणार नाईत.

बायाहो, तुमच्या घरी जुलाब लागले तर कोणत्या जातीचे ते पाहा, पण तहानल्या माणसाचं पाणी तोडू नका. आमची विहीर आता बांधून घेतली, काठावर कोणाले धुऊ देत नाई.

सगुणा मले कधी काही बोलली नाई. घरात हसते, खेळते. पण वाडीतून तहानेजून येते, रांजणात गडवा बुडवते, अन तोंडाले लावायच्या आधी एकदा माझ्याकडं पाहते.

"पी व माय, पी," मी म्हणते. मंगच पिते ती.